दहा आठवड्यांत पातळ सँडल?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ४३ वर्षांची आहे. गेली सहा वर्षं आठवड्यातून तीनदा पाच ते आठ किलोमीटर पळते आणि महिन्यातून एक-दोनदा डोंगरात जाते. आजवर कायम जाड, मऊ सोलचे बूट वापरले. पण मोठा उतार उतरून आले की पायाच्या अंगठ्यांची नखं काळी पडतात आणि पळून आल्यावर डावा गुडघा कुरकुरतो. माझी एक मैत्रीण दोन वर्षांपासून पातळ सोलच्या सँडलमध्ये पळते, त्याच घालून डोंगर चढते, आणि तिला कसलाही त्रास नाही. मेक्सिकोतले आदिवासी टायरच्या चपलांत शंभर-शंभर मैल पळतात, हेही वाचलं. पाय मुळात असेच पळायला बनलेत, बुटांनीच ते बिघडवले, असं मला पटू लागलंय. दहा आठवड्यांनी डोंगरवाटेवरची २१ किलोमीटरची शर्यत आहे, ती सँडलमध्येच पळायची असं ठरवलंय. पळायला आणि चढायला मिळून एकच जोड घ्यायचा आहे, शक्य तितका पातळ, म्हणजे सवय लवकर होईल. दोरीचा घेऊ की बकलचा? चार मिलिमीटर की सहा? घरचे म्हणतात, भलतं वेड घेतलंय. मुलगी विचारते, "आई, ठेच लागली तर?"

मैत्रिणी,

मुलीच्या प्रश्नाकडे शेवटी येते, कारण पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तिचाच आहे. दोरी की बकल, चार की सहा, यांचीही उत्तरं देणार आहे आणि सविस्तर देणार आहे. सात वर्षं मी स्वतः सँडलमध्ये पळते, या विषयात माझा जीव आहे. पण ज्या आकड्यावरून तुम्ही सहज पुढे गेलात तिथेच मी अडकले. दहा आठवडे.

२०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तुमच्यासारखेच हौशी पण मुरलेले ३६ धावक होते, सगळे नेहमीच्या बुटांत पळणारे. त्यातल्या १९ जणांना पातळ सोलचे, पाच बोटांचे बूट दिले आणि हळूहळू सवय करायला सांगितली. बाकीचे आपल्या जुन्या बुटांतच पळत राहिले. मुदत होती बरोबर दहा आठवडे. आधी आणि नंतर सगळ्यांच्या पायांचं एमआरआय केलं, तेव्हा त्या १९ पैकी १० जणांच्या पावलातल्या किमान एका हाडात सूज वाढलेली दिसली. सूज हाडाच्या आत, मज्जेत. वरून काहीच दिसत नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हाडावर नवा ताण येऊ लागला की शरीर तिथलं जुनं हाड आधी खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. भिंत दुरुस्त करताना आधी जुना गिलावा पाडतो, तसं. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कच्ची असते, आणि हा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने लागतात. स्नायू मात्र त्याच्या कितीतरी आधी जुळवून घेतात. फसगत होते ती इथेच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोटऱ्या दुखायच्या थांबतात, पावलं हलकी पडतात, आता जमलं असं वाटतं, आणि नेमकी त्याच वेळी हाडं कच्ची असतात.

मी नेमकी तिथेच पडले. पाचव्या आठवड्यात एका सकाळी इतकं छान वाटत होतं की तीन किलोमीटर ठरवून निघाले आणि आठ पळून आले. दुसऱ्या दिवशी उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, दुखू लागलं. बोटाचं टोक ठेवून 'इथेच' असं दाखवता येईल, एवढीशी जागा. सूज नाही, काळंनिळं नाही. चार दिवस थांबले, परत पळले. मग जिना उतरतानाही ती जागा बोलायला लागली. तपासलं तेव्हा हाडाला केसासारखी चीर होती. सहा आठवडे पळणं बंद. दोष सँडलचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

म्हणून पहिलं सांगते: शर्यत पळा, पण बुटांत पळा. नाव दिलंय, तयारी चालू आहे, ती सोडू नका. सँडल आजच आणल्या तरी हरकत नाही, फक्त शर्यतीची आणि सँडलची गाठ सोडवा. सरावाचे मोठे पल्ले बुटांत आणि सँडलचं बाळपण वेगळं, असे दोन्ही धागे शेजारीशेजारी चालू शकतात. पुढच्या वर्षीची तीच शर्यत सँडलमध्ये पळायची असेल तर आत्ता सुरुवात करणं अगदी वेळेवर आहे.

आता त्या मेक्सिकोच्या लोकांबद्दल. ते स्वतःला रारामुरी म्हणवतात, बाहेरचे त्यांना ताराहुमारा म्हणतात. उत्तर मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात, खोल दऱ्यांच्या मुलखात राहतात. तुम्ही वाचलंय ते खरं आहे. १९९३ साली अमेरिकेतल्या लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत त्यांच्यातल्या विक्टोरियानो चुर्रो यांनी जिंकली, वयाच्या ५५ व्या वर्षी. २०१७ मध्ये लोरेना रामिरेझ ही २२ वर्षांची मुलगी घागरा आणि टायरच्या चपला घालून ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत बायकांमध्ये पहिली आली. वाचताना अंगावर काटा येतो, माझ्याही येतो.

पण दोन गोष्टी नीट बघा. टायरचा तुकडा काही चार मिलिमीटरचा नसतो. तो चांगला जाड, जड आणि बराच ताठ असतो. तुम्ही जी सगळ्यात पातळ सँडल घ्यायला निघालात, ती त्यांच्या पायातली नव्हेच. दुसरं, ते चालायला लागल्यापासून त्या दगडधोंड्यांवर चालत आलेत. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी २०१० साली दाखवून दिलं की अनवाणी पळणारे बहुधा चवड्यावर किंवा सपाट पाऊल टाकतात आणि जमिनीचा पहिला दणका त्यांना कमी बसतो. त्या अभ्यासात महत्त्वाचा शब्द आहे 'सवयीने'. सवयीने अनवाणी पळणारे. तुमचं पाऊल चाळीस वर्षं बुटांत वाढलंय. ते बिघडलेलं नाही, त्या जगण्याला जुळलेलं आहे. आज तुमच्या पायाचा स्वभाव तो आहे आणि सँडल त्या पायासाठी निवडायची आहे.

अबेबे बिकिला तुम्हाला माहीत असतील. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन अनवाणी पळाले आणि जिंकले. ही गोष्ट सगळे सांगतात. चार वर्षांनी टोकियोत त्यांनी पुन्हा सोनं जिंकलं, तेव्हा पायात बूट होते, आणि वेळ आधीपेक्षा सुमारे तीन मिनिटांनी कमी होती. हे बुटांच्या बाजूने सांगत नाहीये. पाय एकच, माणूस एकच, त्या दिवशी जे योग्य वाटलं ते त्यांनी घातलं, आणि तेवढी मोकळीक तुम्हीही स्वतःला द्या.

मैत्रिणीला मात्र एक गोष्ट जरूर विचारा. आज ती कशी पळते ते नको, पहिले सहा महिने कसे गेले ते विचारा. किती पळत होती, कुठे दुखलं, किती वेळा थांबली. त्यातून तुम्हाला जास्त कळेल.

काळी नखं आणि गुडघा यांच्याबद्दल वेगवेगळं बोलायला हवं. नखं काळी पडतात कारण उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि बोटं पुढच्या भिंतीवर आपटत राहतात. सँडलला पुढे भिंतच नाही, तेव्हा हा त्रास सँडलने खरोखर जातो. पण तो बुटातही जातो. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आणि घोट्याजवळचं जे शेवटचं जादा छिद्र बहुतेक जण रिकामं ठेवतात, त्यातून लेस घेऊन दोन्ही बाजूंना छोटे फास करा, समोरच्या फासातून लेस ओवा आणि मग बांधा. टाच मागे पकडून राहते. शर्यतीआधी एवढं नक्की करून बघा.

गुडघ्याचं थोडं वेगळं आहे. सपाट, पातळ सोलवर पावलं आखूड पडतात, चवडा आधी टेकू लागतो आणि गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. पण भार नाहीसा होत नाही, खाली सरकतो. पोटरी, टाचेमागची अकिलिसची जाड शीर आणि पावलातली बारीक हाडं तो उचलतात. तुमच्या बुटांची टाच बहुधा पुढच्या भागापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असेल. सँडलमध्ये टाच आणि चवडा एका पातळीवर येतात, म्हणजे प्रत्येक पावलाला ती शीर जास्त ताणली जाते. गुडघा सहा महिने कुरकुरत असेल तर आधी तो कुणा जाणत्याला दाखवा. सँडल हे त्याचं औषध समजून घेऊ नका. आणि पावलं थोडी आखूड, थोडी भरभर टाकणं हे बुटांतही जमतं, त्यानेही गुडघ्याला आराम पडतो.

बरं, आता निवडीकडे.

शक्य तितकी पातळ घेतली की सवय लवकर होते, हे खरं नाही. फार पातळ सोलवर प्रत्येक खडा टोचतो, तुम्ही पाऊल आखडून, बोटं वळवून चालू लागता, आणि चुकीची सवय लागते. चार ते सहा मिलिमीटरचा सोल गुळगुळीत रस्त्यावर, मुरलेल्या पायाला आनंदाचा असतो. डोंगरवाटेसाठी नऊ-दहा मिलिमीटरच्या आसपास घ्या, ग्रिपचे दाते तीन-चार मिलिमीटरचे. जाडी वाचताना ती दात्यांसकट सांगितली आहे की दाते सोडून, हे बघायला विसरू नका. काही जण सोलची जाडी दाते धरून सांगतात, काही न धरता, आणि दोन जोडांची तुलना तिथेच चुकते. सोल हातात घेऊन वळवून बघा. सहज गुंडाळला गेला पाहिजे, पण टोकदार खड्यावर ठेवून अंगठ्याने दाबला तर खडा पार अंगठ्यापर्यंत जाणवता कामा नये.

पळायला आणि चढायला एक जोड चालेल का? हा असा मधल्या जाडीचा घेतलात तर पहिलं वर्षभर चालेल. चालणं आणि हळू पळणं त्यात होईल. पाठीवर भरलेली पिशवी असेल, दोन-तीन दिवसांची वाट असेल, तर तो जोड पुरणार नाही, तेव्हा बूटच घाला. ओझं वाढलं की प्रत्येक पावलाला ते सगळं त्या पातळ सोलमधून हाडांवर येतं. रस्त्यावर पळण्यासाठी खास पातळ जोड हवासा वाटला तर तो पुढच्या वर्षी.

आता ज्यावर मी तासभर बोलू शकते ते म्हणजे अंगठा. चपलेचा अंगठा, बोटांच्या बेचक्यात बसतो तो. सँडल चांगली की वाईट हे निम्मं तिथेच ठरतं. सोलचं वर्णन वाचण्याआधी सँडल उलटी करा आणि अंगठ्याचा पट्टा खाली कुठे आणि कसा अडकवलाय ते बघा. साध्या दोरीच्या सँडलमध्ये दोरी सोलच्या भोकातून खाली येते आणि तिला गाठ मारलेली असते. ती गाठ सोलच्या बाहेर डोकावत असेल तर प्रत्येक पावलाला दगडावर घासते आणि एक दिवस कुठेतरी लांब तुटते. माझी तुटली होती ती एका लांब उतरणीच्या मध्यावर. खिशात दोनेक मीटर बारीक मजबूत दोरी होती म्हणून नवी ओवून, खाली गाठ मारून, उरलेली वाट हळूहळू उतरले. तेव्हापासून ती दोरी कायम सोबत असते. बऱ्या सँडलमध्ये गाठीऐवजी चपटी चकती असते आणि तिच्यासाठी सोलमध्ये खळगा केलेला असतो, म्हणजे ती जमिनीला लागतच नाही. बोट फिरवून बघा, चकती दात्यांच्या आत पुरती बुडालेली हवी.

मग घालून उभ्या राहा. अंगठा बेचक्याच्या अगदी मुळाशी रुतून बसता कामा नये, कणभर फट हवी. आता उतारावर, नाहीतर एखाद्या तिरक्या फळीवर, बोटं खाली करून उभ्या राहा आणि पाऊल पुढे ढकला. त्या कातडीत पट्टा घुसत असेल तर टाचेचा पट्टा सैल आहे किंवा सँडलचं माप चुकलंय. उतारावर पाऊल मागे धरायचं काम टाचेच्या पट्ट्याचं आहे, बेचक्याचं नव्हे. १९८४ साली ग्रँड कॅन्यनच्या नदीवर वाटाड्याचं काम करणाऱ्या मार्क थॅचर यांनी साध्या चपलेला मागून पट्टा जोडला आणि त्यातून टेवा सँडल जन्मली. तेवढ्या एका पट्ट्याने पाण्यात वाहून जाणारी चप्पल पायात राहू लागली. तो पट्टा टाचेच्या हाडाच्या जरा वर, अलगद बसावा. फार घट्ट केलात तर अकिलिसवर घासून साल निघते, सैल ठेवलात तर पायरी चढताना टाचेवरून घसरतो.

दोरी की बकल? पहिला जोड बकलचा घ्या. दोरी घोट्याभोवती गुंडाळून बांधण्यात एक सुख आहे, ताण हवा तसा अचूक धरता येतो, पण ते हाताला कळायला काही आठवडे जातात आणि त्या काळात ती वाटेत सुटत राहते. तुम्हाला सध्या शिकायला पुष्कळ आहे. पट्टा नायलॉनचा असेल तर तो भिजल्यावर थोडा ताणतो, म्हणून ओढा ओलांडून पलीकडे गेलात की थांबून पुन्हा आवळा. पॉलिस्टरचा कमी ताणतो. बेचक्यात काहीच सहन होत नाही अशी माणसं असतात. त्यांच्यासाठी अंगठा नसलेल्या, चवड्यावरून आडव्या पट्ट्याच्या सँडल मिळतात. त्यात मोजेही घालता येतात. पण तिरक्या उतारावर पाऊल बाजूला सरकतं, तेवढं लक्षात ठेवा.

पाऊल टेकतं तो वरचा थर कोरडा असताना हात लावून काही कळत नाही. घरी न्हाणीघरात पाय आणि सँडल दोन्ही भिजवा, उभ्या राहा आणि पाऊल जागच्या जागी पिळा. चामड्याचा थर कोरड्या हवेत पायाचा ठसा घेऊन इतका सुंदर बसतो की दुसरं काही घालवत नाही, पण ओला झाला की तेलकट वाटीत पाय ठेवल्यासारखं होतं. ओल्या वाटा जास्त असतील तर नक्षीचं रबर किंवा खरखरीत कापडी थर घ्या.

मापासाठी बुटांचा नंबर धरू नका. कागद जमिनीवर ठेवून, पूर्ण वजन देऊन उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल उभी धरून पावलाची रेघ काढून घ्या. स्वतः वाकून काढली तर वजन हलतं आणि रेघ चुकते. संध्याकाळी काढा, तोवर पाऊल थोडं पसरलेलं असतं. दोन्ही पायांची काढा, ते सारखे नसतात. बोटांपुढे पाच मिलिमीटर सोल हवा. त्याहून कमी असेल तर बोट बाहेर येतं. जास्त असेल तर, आणि नवखे हीच चूक करतात, पुढची लवलवणारी कड दगडाला अडकते, खाली दुमडते आणि माणूस तोंडावर पडतो. दुसरं बोट अंगठ्याहून लांब असेल तर मोजणी त्या बोटापासून.

ग्रिपबद्दल एवढंच, की मऊ रबर ओल्या कातळाला चांगलं धरतं आणि लवकर झिजतं, कडक रबर टिकतं आणि घसरतं. खोल दाते माती-चिखलात उपयोगाचे, सपाट कातळावर उलट कमी रबर टेकतं. शेवाळावर कुठलंच रबर धरत नाही, तिथे हातपाय आणि सबुरी.

सवय कशी करायची? आधी एका पायावर उभं राहून, भिंतीला हात लावून, टाच वर-खाली करून बघा. सलग वीस-पंचवीस वेळा, दोन्ही पायांनी, न डगमगता जमतंय का? नसेल तर सँडल घालून पळण्याआधी हा व्यायामच महिनाभर करा. पहिले दोन-तीन आठवडे फक्त चाला, दिवसाआड अर्धा तास. मग चालण्याच्या मध्ये एकेक मिनिटाचं पळणं, पाच वेळा, तेही कडक, स्वच्छ, सपाट जमिनीवर. गवत मऊ म्हणून बरं वाटतं, पण त्यात खड्डा आणि काटा दिसत नाही. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटंच वाढवा, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. असं मोजत गेलात तर सलग वीस मिनिटं पळायला तीनेक महिने लागतात. लागू द्या. चवड्यावरच उतरायचं असा हट्ट धरू नका. टाच प्रत्येक पावलाला जमिनीला टेकू द्या, नाहीतर पोटरी दिवसभर मूठ आवळून बसल्यासारखी होते. आणि कान उघडे ठेवा. पाऊल नीट पडत असेल तर सँडलचा आवाज बारीक, एकसारखा येतो. चपाक-चपाक वाजायला लागलं की दमलात असं समजा आणि चालायला लागा.

दोन्ही पोटऱ्या सारख्याच ठणकतायत आणि दोन दिवसांत उतरतंय, तर ठीक. एकाच पायाला, एकाच बिंदूवर, दाबल्यावर कळ येते, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. माझ्यासारखे चार दिवस वाट बघून परत पळू नका.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी: मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर या वाटेला अजिबात जाऊ नका. काटा रुतलेला कळला नाही तर जखम कुठवर जाईल सांगता येत नाही. पूर्वी पावलाचं हाड चिरलेलं असेल, हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलं असेल, किंवा अकिलिस आधीच दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मैत्रिणी, तुमचंही वय पाळी जाण्याच्या जवळचं आहे, हाडांची घनता एकदा तपासून घेतलेली बरी. आणि उंच गवतातून, काटेरी झुडपांतून किंवा घसाऱ्यावरून जाणारी वाट असेल तर कितीही सवय झालेली असो, त्या दिवशी मीही बूटच घालते.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. तिला सांगा, ठेच लागते. पहिल्या महिन्यात हमखास लागते, तीही बहुधा दमल्यावर, वाट सोपी झाल्यावर, बोलण्याच्या नादात. म्हणून पाऊल ओढायचं नाही, जरासं उचलून टाकायचं, आणि नजर पायाशी नाही तर तीन-चार पावलं पुढे. पिशवीत चिमटा, चिकटपट्टी, मोज्यांचा एक जोड आणि ती दोन मीटर दोरी ठेवा. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल तर आधी ती घ्या. आणि कागदावर पावलाची रेघ काढायला कुणीतरी लागणारच आहे, पेन्सिल तिच्या हातात द्या.